हजारो मुलींना घर देणाऱ्या पंडिता रमाबाईंना पोटच्या लेकीपासून मात्र वर्षानुवर्षं दूर राहावं लागलं

पंडिता रमाबाई म्हटलं की शाळेच्या पुस्तकातल्या चार-दोन गोष्टी आठवतात. संस्कृतच्या पंडिता, आर्य महिला समाज, शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन. आणि मग थोडा आवाज खाली करून सांगितलेली एक गोष्ट, ती म्हणजे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

या सगळ्या गोष्टीत एक लहान मुलगी सतत सोबत असते. तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. तिचं नाव मनोरमा, रमाबाईंची एकुलती एक लेक.

रमाबाईंचा नवीन धर्म, त्या धर्मातल्या मोठ्या माणसांशी झालेली त्यांची भांडणं, त्यांचं काम, या सगळ्याचा धक्का सगळ्यात आधी या मायलेकींच्या नात्याला बसला. ती गोष्ट समजून घ्यायची तर आधी रमाबाईंच्या घरातलं कोण कोण त्यांना सोडून गेलं होतं, ते बघावं लागतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, आजच्या कर्नाटकात पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात झालेला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे मोठे विद्वान होते. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा राग सोसावा लागला होता आणि त्यातून हे कुटुंब जंगलात राहायला गेलं होतं. पुढे तिथलंही बस्तान मोडलं आणि मग सुरू झाली वर्षानुवर्षांची तीर्थयात्रा. देवळात, नदीच्या घाटावर पुराणं सांगायची, लोक जे देतील त्यावर जगायचं. आई लक्ष्मीबाई चालता चालता लेकीला संस्कृत शिकवत होत्या. जिला भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ झाले, ती मुलगी अशी घडली.

१८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. घरात होतं नव्हतं ते संपलं. आधी वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, नंतर थोरली बहीणही गेली. आईला स्मशानात न्यायला पुरेसे खांदेकरी मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा खांदा भावाचा आणि चौथा रमाबाईंचा. त्यांची उंची कमी होती. तिरडीची पातळी सांभाळण्यासाठी त्यांना ती खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावी लागली. तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती.

उरला भाऊ श्रीनिवास. दोघं भावंडं पायी भारत फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत ढाक्याला भाऊही वारला. त्याच वर्षी, म्हणजे १८८० मध्ये, रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. ते कायस्थ, या ब्राह्मण. लग्न सरकारी कायद्यानं झालं. १८८० साली असं लग्न म्हणजे केवढी मोठी गोष्ट असेल, याचा अंदाज आजच्या आंतरजातीय लग्नांच्या बातम्या वाचूनही येऊ शकतो.

संसार थाटला आसाममधल्या सिलचरला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली. मनाला रमवणारी, म्हणून तिचं नाव मनोरमा ठेवलं. आणि ४ फेब्रुवारी १८८२ ला कॉलऱ्यानं बिपिनबिहारी गेले. संसार जेमतेम एकोणीस महिन्यांचा झाला होता. मुलगी अजून एक वर्षाचीही नव्हती.

तेवीस वर्षांच्या रमाबाईंच्या घरातलं जवळचं असं एकच माणूस आता उरलं होतं, आणि ते मांडीवर होतं.

पुण्यातून थेट इंग्लंड

मनोरमाला घेऊन त्या पुण्यात आल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. जून १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगासमोर साक्ष दिली आणि मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात, असं स्पष्ट सांगितलं.

डॉक्टर व्हायचं तर त्यांना स्वतःलाही होतं. त्यासाठी इंग्लंडला जावं लागणार होतं. पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काम करणाऱ्या अँग्लिकन सिस्टर्सशी त्यांची ओळख झाली होती. हे तेच पंचहौद मिशन, जिथला चहा पुढे टिळक-रानड्यांसकट अख्ख्या पुण्याला महागात पडला. या सिस्टर्सची मूळ संस्था इंग्लंडमधल्या वाँटेज गावात होती. तिथे रमाबाईंनी राहायचं, मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात शिकायचं, असं ठरलं. प्रवासाचे पैसे उभे केले ते स्वतःच्या स्त्रीधर्मनीती या पुस्तकाच्या विक्रीतून. कुणाच्या उपकाराखाली जायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता. धर्मांतर करणार नाही, असंही त्या निघताना सांगून गेल्या होत्या.

एप्रिल १८८३ मध्ये मुंबईहून बोट सुटली. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती.

वाँटेजमधले पहिले काही महिने भयंकर गेले. परक्या देशात आनंदीबाई मनानं पूर्ण खचल्या आणि त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. रमाबाईंच्या डोळ्यांसमोर आणखी एक माणूस गेलं. त्यात त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्नही संपलं.

२९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मनोरमाचाही बाप्तिस्मा त्याच दिवशी झाला.

हे दडपणाखाली झालं का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. पुढे काय झालं ते बघितलं तर रमाबाई दडपणाला बळी पडणाऱ्यातल्या वाटत नाहीत. सिस्टर्सनी पतित स्त्रियांसाठी चालवलेलं काम बघून त्या हलल्या होत्या. ज्या बायकांना समाजानं टाकलं, त्यांच्याजवळ जाणारा ख्रिस्त त्यांना भावला. शिवाय नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणाचाही प्रभाव होता. गोऱ्हे म्हणजे काशीचे चित्पावन ब्राह्मण पंडित, जे ख्रिस्ती होऊन फादर नेहेम्या गोऱ्हे झाले. इथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. या गोऱ्ह्यांची एकुलती एक मुलगी एलन लक्ष्मी हिची आई लहानपणीच वारली होती, आणि तीही इंग्रज घरात वाढली, इंग्लंडला गेली, पुढे भारतात परत आली.

इकडे महाराष्ट्रात रमाबाईंवर टीकेची झोड उठली. त्यांच्या बाजूनं ठामपणे उभ्या राहिलेल्या थोड्या लोकांमध्ये जोतिराव फुले होते.

भांडण कशावरून होतं?

बाप्तिस्मा घेतला की प्रश्न संपला, असं वाँटेजच्या लोकांना वाटलं असावं. प्रत्यक्षात तो तिथून सुरू झाला.

सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या मार्गदर्शक होत्या. रमाबाईंना त्या पुण्यापासून ओळखत होत्या. मनोरमाच्या बाप्तिस्म्यात त्या तिच्या धर्ममाता झाल्या. ख्रिस्ती पद्धतीत धर्ममातेवर मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी असते, ती नुसती मानाची जागा नसते. मायलेकी त्यांना आजीबाई म्हणायच्या. आडनावाचा, रंगाचा, देशाचा काही संबंध नसलेली ही आजी मनोरमावर जीव लावून होती, हे खरंच होतं.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये शिकायला आणि शिकवायला गेल्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील या त्या काळात इंग्लंडमधल्या स्त्री शिक्षणातलं मोठं नाव होतं. मनोरमा बराच काळ वाँटेजलाच, आजीबाईंजवळ राहिली. आई एका गावात, तीन वर्षांची मुलगी दुसऱ्या गावात. मायलेकींची पहिली ताटातूट ही.

आणि याच काळात रमाबाईंचे चर्चशी खटके उडायला लागले. सुरुवातीला विषय साधे होते. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, आपली राहणी सोडली नाही. जेराल्डिन यांना यात हट्ट दिसायचा, जातीचा जुना अभिमान दिसायचा. रमाबाईंचं म्हणणं होतं की ख्रिस्ताला मानणं वेगळं आणि इंग्रजांसारखं खाणं-पिणं वेगळं.

मग मोठा वाद झाला. चेल्टनहॅममध्ये रमाबाईंनी पुरुषांनाही शिकवावं, अशी एक सूचना पुढे आली होती. त्यावर भारतातल्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. असं केलं तर भारतात या बाईंची प्रतिष्ठा राहणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. ज्या बाईनं कलकत्त्यात पंडितांच्या सभेत, भरगर्दीत शास्त्रार्थ केला होता, तिला परदेशातले धर्मगुरू शिकवत होते की पुरुषांसमोर उभं राहू नकोस! रमाबाईंनी हे अजिबात ऐकून घेतलं नाही.

तिसरा वाद श्रद्धेच्या गाभ्यापर्यंत गेला. देव एक, पण तो बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन रूपांत, हा त्रैक्याचा सिद्धांत. येशूचा कुमारीपोटी झालेला जन्म. चर्चनं ठरवून दिलेले मतांगीकार. रमाबाई प्रत्येक गोष्ट बायबल काढून तपासत होत्या. आयुष्यभर शास्त्रांवर वाद घालत वाढलेल्या मुलीनं दुसरं काय करायचं? जेराल्डिन यांना मात्र नव्यानं विश्वासात आलेल्या माणसानं आधी आज्ञाधारक व्हावं असं वाटत होतं. एक धर्म सोडून आलेल्या रमाबाईंना आता दुसऱ्या धर्माच्या पुरोहितांच्या हाती आपली बुद्धी द्यायची नव्हती.

हे सगळं दोन मोठ्या माणसांमध्ये राहिलं असतं, तर तो फक्त पत्रव्यवहार ठरला असता. पण मध्ये मनोरमा होती.

प्रश्न साधा होता आणि फार अवघड होता. आईला जे पटलेलं नाही, ते मुलीला शिकवायचं का? वाँटेजमध्ये मनोरमाला चर्चच्या शिकवणीप्रमाणे धडे आणि प्रार्थना शिकवल्या जात होत्या. धर्ममाता म्हणून ते आपलं कर्तव्य आहे, असं जेराल्डिन यांना मनापासून वाटत होतं. आपल्या मुलीनं काय मानायचं हे आई म्हणून आपण ठरवणार आणि मोठी झाल्यावर ती स्वतः ठरवेल, असं रमाबाईंचं म्हणणं होतं.

त्यांना आणखी एक भीती होती. मनोरमा इंग्लंडमध्ये वाढली, तर ती मनानं इंग्रज होईल. आपल्या देशातल्या लोकांकडे ती वरून बघेल, त्यांच्यात तिला परकं वाटेल. आपली मुलगी आपल्या लोकांतली एक म्हणून वाढावी, हा आग्रह रमाबाईंनी त्या काळातल्या पत्रांमधून पुन्हा पुन्हा मांडला आहे. एक वेळ अशीही आली की मुलीला वाँटेजमधून काढून घ्यायचं त्यांच्या मनात होतं.

यात कुणाला खलनायक करायचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. जेराल्डिन यांचं मनोरमावर प्रेम होतं आणि रमाबाईंनाही ते माहीत होतं. पण साम्राज्याच्या काळात एका गोऱ्या सिस्टरचं प्रेम आणि तिचा अधिकार वेगळे काढता येत नाहीत. विधवा, निर्धन, परदेशात राहणारी, दुसऱ्याच्या खर्चानं शिकणारी भारतीय आई त्या अधिकाराला नाही म्हणत होती. तेही त्याच देवावर विश्वास ठेवून.

तीन वर्षं, एक महासागर

१८८६ च्या सुरुवातीला रमाबाईंना अमेरिकेतून बोलावणं आलं. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर होत होत्या. समारंभ ११ मार्च १८८६ ला होता. जेराल्डिन आणि बील यांना हा प्रवास फारसा पसंत नव्हता, तरी रमाबाई गेल्या. पाच वर्षांची होत आलेली मनोरमा सोबत होती.

आनंदीबाईंची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्या भारतात परतल्या आणि वर्षाच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या.

रमाबाई थोडे दिवस राहायच्या बेतानं गेल्या आणि जवळपास तीन वर्षं राहिल्या. भारतात उच्च जातीतल्या बालविधवांसाठी शाळा आणि घर काढायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं. त्यासाठी पैसा हवा होता. शहरामागून शहर, सभेमागून सभा. अशा फिरतीत लहान मुलीला घेऊन राहणं जमेना. काही महिन्यांनी त्यांनी मनोरमाला इंग्लंडला परत पाठवलं.

कुणाकडे? त्याच आजीबाईंकडे, जिच्याशी एवढं भांडण झालं होतं.

रमाबाईंच्या आयुष्यातला हा सगळ्यात चटका लावणारा निर्णय म्हणावा लागेल. जिच्या धर्मशिक्षणावर त्यांचा विश्वास नव्हता, तिच्या मायेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. मुलीला सांभाळणारं दुसरं माणूसही त्यांच्याकडे नव्हतं. आई-वडील, भाऊ, बहीण, नवरा यांच्यापैकी एक जण जरी जिवंत असता, तर कदाचित ती बोट सुटली नसती.

याच अमेरिकेच्या मुक्कामात रमाबाईंनी फिलाडेल्फियात किंडरगार्टन पद्धतीचं शिक्षण घेतलं. लहान मुलांना खेळातून कसं शिकवायचं, गाणी कशी घ्यायची, हातात कोणती साधनं द्यायची. आपल्या देशातल्या मुलींसाठी त्या हे शिकत होत्या, आणि अगदी त्याच वयाची त्यांची स्वतःची मुलगी अटलांटिकच्या पलीकडे दुसऱ्या कुणाकडे वाढत होती.

मनोरमाला त्या पत्रं लिहायच्या. मोठ्या माणसांना लिहिलेल्या पत्रांत त्यांचा सूर तिखट, मुद्देसूद, वकिलासारखा आहे. लेकीला लिहिताना तीच बाई तिच्याशी गप्पा मारते, अमेरिकेतल्या गमती सांगते. ही पत्रं आज वाचायला मिळतात ती जेराल्डिन यांच्यामुळे. आपल्याविरुद्ध लिहिलेली कडक पत्रंसुद्धा त्यांनी फेकली नाहीत, सगळी जपून ठेवली, एकत्र केली. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती पुस्तकरूपात छापली.

अमेरिकेत रमाबाईंना यश भरपूर मिळालं. १८८७ मध्ये उच्च जातीतल्या हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक आलं आणि हजारोंनी खपलं. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षं शाळेचा खर्च उचलायचं तिनं मान्य केलं. १ फेब्रुवारी १८८९ ला रमाबाई मुंबईत उतरल्या. ११ मार्चला चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. मायलेकी पुन्हा एका घरात राहायला लागल्या.

उघडं राहिलेलं दार

शारदा सदनात धर्माचा प्रचार होणार नाही, असं ठरलेलं होतं. १८९० मध्ये सदन पुण्यात आलं. बालविधवा शिकायला लागल्या. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या, त्यांना आपण बाया कर्वे म्हणून ओळखतो.

रमाबाई रोज मनोरमाबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. वर्षानुवर्षं वेगळं राहिल्यावर मायलेकींना एकत्र मिळालेली ही वेळ होती. हळूहळू सदनातल्या काही मुली येऊन बसायला लागल्या. या मुलींना नको म्हणायचं की येऊ द्यायचं? रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही.

पुण्यात वादळ उठलं. केसरीनं टीका केली. आमच्या मुली बाटवल्या जात आहेत, अशी ओरड झाली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातले रानडे, भांडारकर बाजूला झाले आणि पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून नेल्या.

या वादात पुणेकरांचा मुद्दा अगदीच बिनबुडाचा म्हणता येत नाही. प्रचार करणार नाही असा शब्द दिलेल्या संस्थेत मुख्य बाईंच्या प्रार्थनेला मुली बसत असतील, तर त्या वयात त्यांच्यावर परिणाम होणारच. आणि गंमत म्हणजे पालकांचा हा मुद्दा नेमका तोच होता, जो आठ वर्षांपूर्वी रमाबाईंनी स्वतः वाँटेजच्या आजीबाईंपुढे मांडला होता: मुलीला काय शिकवायचं ते तिच्या घरचे ठरवतील. फरक एकच. यातल्या कित्येक मुलींना घरात माणूस म्हणून जागाच नव्हती. डोक्यावरचे केस गेलेले, एक वेळचं जेवण, दिवसभर काम. त्यांना परत कुठल्या घरात नेलं जात होतं, हे रमाबाईंना पक्कं माहीत होतं.

त्यानंतरच्या काही वर्षांत रमाबाईंचं काम पूर्ण बदललं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तिथलं चित्र बघून त्यांना स्वतःच्या आई-वडिलांचे शेवटचे दिवस आठवले नसते तरच नवल. त्या स्वतः गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली, विधवा घेऊन आल्या. एक-दोन नाही, तीनशेच्या आसपास. दौंड तालुक्यात केडगावला त्यांनी आधीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. तिथे तंबू लागले, विहिरी खणल्या गेल्या, इमारती उभ्या राहिल्या. मुक्ती मिशन ते हेच.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. सदनातली एक मुलगी सरकारी प्लेग छावणीत नेली गेली आणि परत आलीच नाही. तिचं काय झालं याचं नीट उत्तर रमाबाईंना मिळालं नाही. त्यांनी वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध उघड लिहिलं आणि प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. ख्रिस्ती झाली म्हणजे इंग्रजांची झाली, असं मानणाऱ्यांना हे पत्र अडचणीचं होतं.

आणि मनोरमा? ती पुन्हा परदेशात होती. पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावर तिला शिक्षणासाठी पुन्हा पाठवलं गेलं. न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ चिली इथल्या चेसब्रो सेमिनरीत ती शिकत होती. दुसऱ्यांच्या मुलींनी केडगाव भरत होतं, तेव्हा रमाबाईंची स्वतःची मुलगी पुन्हा सातासमुद्रापलीकडे होती. १८९८ मध्ये रमाबाई असोसिएशनच्या कामासाठी अमेरिकेला गेल्या, तेव्हा मायलेकींची तिथे गाठ पडली.

या दुसऱ्या ताटातुटीत मात्र भांडण नव्हतं. मुलीला काय शिकवलं जातंय याची भीती नव्हती. एव्हाना रमाबाईंची श्रद्धाही स्थिरावली होती, कुठल्या एका चर्चच्या चौकटीत न बसता. केडगावचं काम पुढे मनोरमानं सांभाळायचं, त्यासाठी तिची तयारी चालली होती.

मनोरमाबाई

मनोरमा परत आली ती आईच्या कामात शिरली. १९०० च्या सुमारास केडगावला पंधराशेच्या आसपास माणसं राहत होती. इतक्या जणींचं जेवण, कपडे, आजारपणं, शाळा, शेती, गुरं, छापखाना. शारदा सदनच्या शाळेची जबाबदारी मनोरमाबाईंनी घेतली. त्या बी.ए. झाल्या. मिशनच्या कामासाठी परदेशात दौरे केले. १९१२ मध्ये तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला मुलींची शाळा सुरू झाली, तिच्यामागेही त्या होत्या.

त्यांनी लग्न केलं नाही. ज्या मुलीबद्दल रमाबाईंना भीती वाटत होती की ती इंग्रज होईल, आपल्या लोकांत तिला परकं वाटेल, ती सगळं आयुष्य केडगावच्या माळावर दुष्काळातून वाचलेल्या मुलींमध्ये राहिली. जेराल्डिन आणि रमाबाई यांच्यातल्या त्या जुन्या वादाचा निकाल लावायचाच असेल, तर तो बहुतेक इथे लागला.

रमाबाई आता एका वेगळ्याच कामात बुडाल्या होत्या. मराठीत बायबल आधीपासून होतं, पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर होती. ज्यांनी उशिरा अक्षरं गिरवली, त्या केडगावच्या बायकांना ती कळत नव्हती. मग संस्कृतच्या या पंडितेनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतल्या आणि मूळ भाषांवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं ठरवलं. हे काम एका तपाहून जास्त चाललं. खिळे जुळवायला, छापायला केडगावच्याच मुली होत्या. ज्या चर्चनं त्यांना शब्दाशब्दाचा अर्थ आम्ही सांगू तोच घ्या म्हटलं होतं, त्यांना दिलेलं हे उत्तर होतं, असंही म्हणता येईल.

१९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२० पासून रमाबाईंची तब्येत ढासळायला लागली. आपल्यानंतर मुक्ती मिशन मनोरमा बघेल, असं त्यांनी नक्की केलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच दोघींपैकी कुणीही कुठे जाणार नव्हतं.

२४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई वारल्या. वय चाळीस.

रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. आजूबाजूला शेकडो मुली त्यांना आई म्हणत होत्या, त्यांना रोज उठून जेवायला घालायचं होतं, आणि बायबलची प्रुफं तपासायची राहिली होती. त्या पुन्हा कामाला बसल्या.

काम संपेपर्यंत आयुष्य दे, एवढंच त्यांनी देवाकडे मागितलं होतं, असं केडगावला सांगितलं जातं. ५ एप्रिल १९२२ ला, मनोरमाच्या मागोमाग साधारण आठ महिन्यांनी, रमाबाई गेल्या. त्यांचं मराठी बायबल १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून पूर्ण छापून बाहेर आलं. ते हातात घ्यायला मायलेकींपैकी कुणीच नव्हतं. ज्या बायकांसाठी ते लिहिलं होतं, त्या मात्र तिथेच होत्या आणि त्यांना आता वाचता येत होतं.